लाल मुठीचा दांडा

आमच्या शिरूर-दौंड पट्ट्यात गाडी बघायला आलेला माणूस इंजिनाचा आवाज ऐकत नाही की टायरकडे बघत नाही. आधी विचारतो, "ॲव्हरेज काय देते?" नव्या गाडीला हार घालून पेढे वाटणं चाललेलं असलं तरी गर्दीतून कोणीतरी हे विचारतोच. या एका शब्दावर मी आयुष्यभर पोट भरलं. शिरूरमध्ये नगर रस्त्याच्या कडेला माझं पत्र्याच्या शेडचं गॅरेज होतं आणि लोक मला ॲव्हरेजवाला मिस्त्री म्हणत. पार दौंड, काष्टीपासून जीपवाले माझ्याकडे यायचे. जीपमधून सवाऱ्या ओढून वडाप करणाऱ्यांना तर लिटरमागे एक किलोमीटर वाढला तरी सण असायचा.

त्यात जादू काही नव्हती. डिझेल पंपाचा स्क्रू थोडा मागे घ्यायचा, नोझल साफ करून बसवायचे, ब्रेक कुठं धरतात का बघायचं, जाड दातेरी टायर काढून साधे घालायचे. मग गिऱ्हाइकाला शेजारी बसवून बाटली लावायची. बाटली म्हणजे आमची परीक्षा. टाकीची नळी सोडवायची, एक लिटरची प्लास्टिकची बाटली डिझेलनं भरून बॉनेटपाशी टांगायची, नळी तिच्यात घालायची आणि गाडी न्हावऱ्याच्या रस्त्याला सोडायची. बाटली संपून गाडी बंद पडली की मीटर बघायचा. गाडी बंद पडल्यावर माणसाला एवढा आनंद झालेला मी दुसरीकडे कुठं पाहिला नाही.

ज्या गाडीबद्दल मला लिहायचं आहे ती एका सरपंचाची जीप होती. गाव भीमेच्या अंगाला, दौंडकडे जाताना आत वळावं लागायचं. नाव सांगत नाही. नव्वदीच्या शेवटाची गोष्ट. फाट्यापासून गावापर्यंतचा रस्ता काळ्या रानातून, पाऊस पडला की एसटी फाट्यावरूनच परत जायची. चिखल असा की बैलाचा पाय निघायचा आणि खुराची पत्री आत राहायची. सरपंचांनी सरकारी लिलावातून ही जीप घेतली होती, चारही चाकांना इंजिनाची ओढ मिळणारी. गावात तिला सगळे 'फोरविल' म्हणत. गिअरच्या दांड्याशेजारी तिला आणखी एक बुटका दांडा होता, लाल मुठीचा. एरवी मागचीच चाकं गाडी ढकलायची. तो दांडा ओढला की पुढच्या चाकांनाही जोर मिळायचा आणि गाडी चिखलातून गुरगुरत निघायची.

गाडी चालवायचे ते चाचा. त्याच गावातल्या जुन्या मुसलमान घरातले, तेव्हा पन्नाशीचे असतील. सरपंचांच्या घरी त्यांचे वडील बैलगाडीवर होते, हे जीपवर आले. पावसाळ्यात बाळंतीण, आजारी माणूस, परीक्षेची पोरं, सगळ्यांना फाट्याला नाहीतर दौंडला पोचवायचं काम चाचांचं. चिखलाचा टप्पा आला की मागे बसलेले ओरडायचे, "चाचा, दांडा टाका!" चाचा म्हणायचे, "टाकलाय, टाकलाय." गाडी निघाली की सगळे हसायचे. हा त्या गावाचा खेळच होता. मी स्वतः त्या गाडीत बसून तो ऐकला आहे.

एका उन्हाळ्यात सरपंच स्वतः जीप घेऊन माझ्याकडे आले. चाचा रजेवर होते, मुलीचं लग्न होतं.

"मिस्त्री, ही गाडी न्हाई, म्हैस हाय," सरपंच म्हणाले. "नुसती पिती. सगळ्या गावाच्या गाड्यांचं ॲव्हरेज तुम्ही काढता आन् माझ्याच गाडीला काय रोग झालाय?"

"रोग नाही. चार चाकांची गाडी आहे. दांडा टाकला नाही तरी पुढचा शाफ्ट, पुढचा एक्सल चाकांबरोबर उगाच फिरत राहतो. ते ओझं इंजिनालाच ओढावं लागतं."

"मग काढा की."

"काढलं तर फोरविल राहणार नाही."

"आता कुठं चिखल हाय? पावसाच्या आधी बसवून टाकू. तवर तरी पैका वाचंल."

हे काम मी आधी दोन-तीन गाड्यांना केलं होतं. त्या गाड्या डांबरी रस्त्यावर वडाप करणाऱ्यांच्या होत्या, त्यांना चिखलाशी देणंघेणं नव्हतं. मी गाडीखाली शिरलो. पुढचा शाफ्ट उतरवला, पुढच्या चाकांच्या टोप्या उघडून आतला जोड सोडवला आणि टोप्या होत्या तशा परत लावल्या. आता पुढची चाकं बैलगाडीच्या चाकांसारखी मोकळी फिरणार होती. नोझलही साफ केले. संध्याकाळी बाटली लावून सरपंचांना शेजारी बसवलं. गाडी बंद पडली तेव्हा त्यांनी मीटर बघितला आणि माझ्या मांडीवर थाप मारली. मला आजही ती थाप आठवते, कारण तेव्हा ती मला फार आवडली होती.

परत आल्यावर मी लाल मुठीचा दांडा काढायला पाना घेतला. आता त्याचा उपयोग नव्हता. सरपंचांनी हात धरला.

"तो ऱ्हाऊ द्या. दिवाळीनंतर गाडी काढायचा इचार हाय. दांडा न्हाई दिसला तर गिऱ्हाईक काय म्हनंल?"

"मग चाचांना सांगून ठेवा."

"त्याला नगा सांगू. तो सांगितलं की गावभर करतोय. उद्या पोरंसोरं म्हनतील, सरपंचाची फोरविल नुसती नावाची. चार म्हैन्यांचा तर परश्न हाय."

मी दांडा राहू दिला. तो ओढला की आत गिअर बसल्याचा खट्ट आवाज पहिल्यासारखाच यायचा. पुढे जोडलेलं काही नव्हतं एवढंच. सीटवर बसलेल्या माणसाला ते कळण्याचा काही मार्ग नव्हता. गाडीखाली शिरलं तरच कळणार आणि चाचा गाडीखाली शिरत नसत. त्यांचे गुडघे धरायचे. ग्रीसिंग, ऑइल सगळं माझ्याकडेच व्हायचं. त्यांचा माझ्यावर भरवसा होता.

लग्न उरकून चाचा गाडी न्यायला आले. माझ्यासाठी बुंदीची पुडी आणली होती. एक चक्कर मारून आले आणि म्हणाले, "मिस्त्री, स्टेरिंग लोण्यासारखं झालंय. काय केलंत?"

"सर्व्हिसिंग," मी म्हणालो.

"हात चांगला हाय तुमचा."

शाफ्ट मी गोणपाटात गुंडाळून शेडच्या कोपऱ्यात ठेवला. जून आला. ढग यायला लागले तसा मी सरपंचांना एकदा निरोप पाठवला की गाडी पाठवून द्या, ते काम राहिलंय. त्यांचा उलट निरोप आला, पेरणीची गडबड आहे, बघू. मी पुन्हा निरोप पाठवला नाही. त्या वेळी माझ्याकडेही कामं होती, असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आलो. कामं होतीच. पण फोन लावायला वेळ नव्हता असं नाही. ज्या गिऱ्हाइकाला गाडी आवडली आहे त्याच्या मागे ती परत उघडायची म्हणून कोण लागतं? खरं कारण एवढंच होतं.

जुलैत एके दुपारी सरपंचांचे वडील, आप्पा, गोठ्यात छातीला हात लावून खाली बसले. सरपंच पुण्याला गेले होते. भावकीतल्या दोघांनी आप्पांना जीपमध्ये मागे आडवं घेतलं आणि चाचांनी गाडी दौंडच्या दवाखान्याकडे काढली. आदल्या दिवसापासून त्या सालचा पहिलाच मोठा पाऊस लागून होता. फाट्याच्या अलीकडे ओढ्याच्या चढाला गाडी रुतली.

पुढचं मी त्या दोघांकडून ऐकलं आणि नंतर चाचांकडून. त्यांच्या आणि चाचांच्या सांगण्यात एकच फरक होता, चाचा म्हणत दांडा टाकला होता आणि ते दोघं म्हणत टाकलाच नव्हता. मागून दोघं ओरडले, "चाचा, दांडा टाका!" चाचा म्हणाले, "टाकलाय, टाकलाय." पण गाडी निघेना. मागची चाकं जागीच फिरून खड्डा पाडत गेली, शेवटी एक्सल चिखलाला टेकला. "टाका की हो दांडा!" "टाकलाय म्हंतोय न्हवं!" चाचा दांडा मागेपुढे करत होते, रेस देत होते, उतरून चाकाखाली दगड लावत होते. एकजण ट्रॅक्टर आणायला गावाकडं पळाला. ट्रॅक्टर आला तोवर आप्पा गेले होते.

दवाखान्यात वेळेवर पोचले असते तर आप्पा वाचले असते का, हे मला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही. पण ती गाडी त्या चढाला अडकली नसती, हे मला माहीत आहे. त्या चढावरून ती आदल्या पावसाळ्यात कितीदा निघाली होती.

ट्रॅक्टरनं ओढून जीप फाट्याला काढली आणि दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली. घरात सुतक असताना सरपंच स्वतः मागोमाग आले. डोकं भादरलेलं, डोळे सुजलेले. ट्रॅक्टरवाला चहाला गेल्यावर ते शेडच्या कोपऱ्यातल्या गोणपाटाकडे बघत उभे राहिले. मग ते म्हणाले, "बसवून टाका."

"सरपंच, चाचांना..."

"बाप माझा गेलाय, मिस्त्री." एवढंच बोलून ते वळले.

मी बसवलं. शाफ्ट, चाकांचे जोड, सगळं. चिखल धुऊन काढला, ताज्या बोल्टांना जुनं काळं ऑइल फासलं. माझं चुकलं ते उन्हाळ्यात, असं कोणी म्हणालं तर मी म्हणेन, नाही. उन्हाळ्यात आम्ही दोघं मूर्ख होतो. त्या दिवशी मी जे केलं ते समजून उमजून केलं.

दोन दिवसांनी चाचा आले. एसटीनं आले होते, चालत गॅरेजपर्यंत. त्यांनी सरळ जीपपाशी जाऊन, गुडघे धरत, खाली चिखलात बसून गाडीखाली डोकं घातलं. बराच वेळ ते तसेच होते. मग उठले, आत बसले, लाल मुठीचा दांडा ओढला. खट्ट. पुन्हा ओढला. खट्ट.

"मिस्त्री, शाफ्ट हाय."

"आहे."

"मी दांडा वढला व्हता. आल्लाची आन. हाच आवाज आला व्हता. मग पुढची चाकं का न्हाई फिरली?"

मी पाना पुसत होतो. माझ्यापाशी एक वाक्य होतं आणि ते ऐकायला तो माणूस पाऊस झेलत आला होता. मी म्हणालो, "घाईत कधीकधी दांडा पुरता बसत नाही, चाचा. आवाज येतो, पण दाते धरत नाहीत. क्लच नीट दाबला नसेल. घाबरल्यावर होतं माणसाचं."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग हळूच मान हलवली. "आसंल," म्हणाले. "आप्पा मागं कण्हत व्हते. पाय थरथरत व्हता माझा. आसंल तसं." जाताना त्यांनी बॉनेटवर हात ठेवला आणि काढला. मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही.

आप्पांच्या दहाव्याला मी नदीवर गेलो होतो. लोक गटागटानं उभे होते. एकजण म्हणत होता, "गडी गांगरला, दुसरं काय." दुसरा म्हणाला, "आन् वर म्हंतोय, टाकलाय, टाकलाय." सरपंच जवळच होते. त्यांनी ऐकलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी कावळ्यांकडे बघितलं. चाचा लांब, लिंबाखाली एकटेच उभे होते. त्यांना कोणी हाकलत नव्हतं आणि कोणी बोलावतही नव्हतं.

जीप महिन्याभरात विकली गेली, फोरविल म्हणूनच. सरपंचांनी चाचांना कामावरून काढलं नाही. दुसरी गाडी घेतली तेव्हा चालवायला बोलावलंही. चाचांनी नको म्हटलं. त्यांनी पुन्हा स्टेरिंगला हात लावला नाही. कारण तोवर गावात तो जुना खेळ उलटा झाला होता. कोणाची मोटारसायकल सुरू होईना, कोणाची मोटर पाणी उचलेना, कोणी पोरगं नापास झालं, की एकजण विचारायचा, "दांडा टाकला का?" आणि दुसरा चाचांच्या आवाजात म्हणायचा, "टाकलाय, टाकलाय." केल्याचं सांगायचं आणि केलेलं नसायचं, असा त्याचा अर्थ. चाचा दुकानावर गेले तरी मागून ऐकू यायचं. वर्षाच्या आत ते गाव सोडून शिक्रापूरला गेले. तिथं एका कारखान्याच्या फाटकावर वॉचमन झाले, कामगारांच्या चाळीत खोली घेतली.

तिथं ते मला एकदा भेटले. मी पार्ट आणायला पुण्याला निघालो होतो, ट्रकांच्या रांगेत बस अडकली म्हणून खाली उतरलो, तर समोर फाटकाशी चाचा. खाकी कपडे, हातात काठी. ओळखून हसले. घरचं विचारलं. मग आपणच म्हणाले, "मिस्त्री, मी आजूनबी झोपेत क्लच दाबतो. बायको म्हंती, पाय का आपटता? पर तुम्ही सांगितलं ते बराबर हाय. माझाच पाय पुरता गेला नसंल." बसचा भोंगा वाजला. मी धावत जाऊन चढलो. जागा मिळाली नाही, पुण्यापर्यंत उभा होतो आणि ते बरं वाटलं.

ते गेल्याचं मला उशिरा कळलं. त्यानंतर काही वर्षांनी सरपंचही गेले. तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की आता हे माहीत असलेला मी एकटाच उरलो. मी मेलो की चाचांनी दांडा टाकला नाही, हेच खरं ठरणार.

चाची दौंडला मुलीकडे राहत होत्या, रेल्वे लाइनीपलीकडे. मी गेलो तेव्हा त्या दारात बसून मेथी निवडत होत्या. मला त्यांनी ओळखलं. पाणी दिलं. मी सगळं सांगितलं. शाफ्ट काढला तो, दांडा ठेवला तो, परत बसवला तो, आणि चाचांना जे बोललो ते. त्यांचा हात मेथीत तसाच थांबला. मला वाटलं होतं, रडतील, नाहीतर शिव्या देतील.

"हे मला कशापायी सांगताय?" त्या म्हणाल्या. "मला म्हाईत व्हतं. चाळीस पावसाळे त्या मान्साबरं काढले म्या. त्यांनी टाकला म्हणलं तर टाकलाच आसंल. एकट्या त्यांनाच पटत नव्हतं. मी सांगायची तर म्हणायचे, तुला काय कळतंय, मिस्त्री सांगतो ना." त्यांनी मेथीची जुडी बाजूला ठेवली. "ज्यांना म्हाईत न्हाई त्यांना जाऊन सांगा. माझ्या उंबऱ्यावर कशाला हलकं व्हता?"

त्यांनी चहा विचारला नाही.

मी दुसऱ्याच सकाळी त्या गावाला गेलो. रस्ता आता डांबरी होता. ज्या चढाला जीप रुतली तिथं मोरी बांधली होती, रिक्षासुद्धा सहज निघाली. दूध डेअरीपुढे किटल्या घेऊन माणसं रांगेत उभी होती. सगळं गाव तिथं भेटतं म्हणून मी तीच जागा धरली. म्हाताऱ्यांपैकी दोघांनी ओळखलं. "आरं, ॲव्हरेजवाले मिस्त्री! आज हिकडं कुठं वाट चुकला?"

मी उभ्यानंच बोललो. मोठ्यानं बोललो, सगळ्यांना ऐकू जावं असं. चाचांनी दांडा टाकला होता. दांड्याला पुढं काही जोडलेलंच नव्हतं. ते मी काढलं होतं, डिझेल वाचावं म्हणून, आणि नंतर चोरून बसवलं.

माप घालणाऱ्यानं पुढची किटली ओढली. मग एक म्हातारा म्हणाला, "मिस्त्री, आता काय उकरायचं? दोघंबी मातीत गेले. सरपंचाची नातवंडं हायेत हितं."

"म्हणूनच सांगतोय, आबा."

"तवा सांगायचं व्हतं," दुसरा म्हणाला आणि किटली उचलून निघाला. त्याचं बरोबर होतं.

रांगेतला एक विशीतला तरुण मात्र नवलानं बघत होता. "म्हंजी ते दांडा टाकला का म्हंत्यात, ते गाडीचं हाय व्हय? आमाला वाटायचं विटीदांडूचं आसंल. आन् चाचा कोन?"

मी त्याला सांगायला लागलो. चाचा कोण, त्यांचं घर कुठं होतं, पावसाळ्यात त्यांनी कोणाकोणाला दवाखान्यात पोचवलं. एका म्हाताऱ्यानं मध्येच, जरा नाखुशीनं, पण सांगितलं, "तुझी आई तुझ्या थोरल्या भावाच्या वक्ताला त्याच जीपमधनं गेली व्हती. भर पावसात. चाचानंच नेली." तो तरुण किटलीची कडी हलवत राहिला.

तेवढ्यात पलीकडे एकजण दोन्ही बाजूंना किटल्या अडकवलेल्या मोटारसायकलला किक मारत होता. ती सुरू होईना. चार-पाच किक झाल्यावर रांगेच्या शेपटाकडून, जिथवर माझा आवाज पोचला नसावा, कोणीतरी ओरडलं, "दांडा टाकला का रं?"

"टाकलाय, टाकलाय!" तो किक मारतच म्हणाला आणि मागचे हसले.

"टाकला होता," मी म्हणालो. "त्यांनी टाकला होता."

पण तोवर गाडी सुरू झाली होती.